रऊफ गादीवाल्याचा जड आवाज

रऊफचं नाव निघालं की मला आधी शिसारी येते, बाकीचं मग आठवतं. लोक म्हणतात, मास्तर, माणूस गाव सोडून गेला, आता तरी चांगलं बोला. काय चांगलं बोलू? त्याच्या बोटांना कायम तंबाखू-चुन्याचा लगदा, भुवयांवर कापसाचं भुस्कट, अंगात भोकं पडलेलं बनियन. आणि त्याच बोटांनी तो माझ्या कानांवर हेडफोन चढवायचा. हेडफोनच्या स्पंजाला त्याचा घाम, त्याचं खोबरेल तेल, शी! ‘ऐका मास्तर, आज बराबर जमलं,’ असं म्हणत तो गिटारची जाड तार हाणायचा आणि माझ्या डोक्यात कुणीतरी फरशीवरून पत्रे ओढायला लागायचं. घरी आलो की मी साबण लावून कान धुवायचो. बायको विचारायची, ‘रऊफकडं गेले व्हते का?’

जवळा बाजारला पेठेच्या मागच्या बोळात त्याचं गाद्यांचं दुकान होतं. बाप पिंजारी, आजा पिंजारी. कापूस पिंजायची मशीन आली तशी बापाची पिंजण भिंतीवर गेली. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची जाड तार. लाकडाच्या ठोक्यानं ती तार हाणली की कापूस उडतो आणि खोली घुमते. रऊफ पाळण्यात होता तेव्हापासून हे ऐकत आलेला. दुकानात कुणीही आलं की तो उठून भिंतीवरच्या त्या तारेला टिचकी मारायचा आणि म्हणायचा, ‘ये वजन देखो. गिटारमधून ह्ये पायजे मला.’ गिऱ्हाईक बिचारं उशीचा भाव विचारायला आलेलं असायचं.

आमची एक गायन पार्टी होती. गाणाऱ्या सुमनताई, कीबोर्डवर मी, एक ढोलकीवाला आणि गिटारवर हा रऊफ. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. सुमनताई आमच्याच गावात अंगणवाडीच्या सेविका. सकाळी लेकरांना खिचडी वाढायच्या आणि संध्याकाळी जीपमध्ये बसून आमच्यासोबत गाण्याला यायच्या. जयंतीचे कार्यक्रम, बुद्धविहाराचं उद्घाटन, कुणाचं नामकरण. गाणी त्यांची स्वतःची, त्यांनीच रचलेली. आवाज फार मोठा नव्हता, पण शब्द न् शब्द शेवटच्या माणसापर्यंत जायचा. लोक शब्द ऐकायला यायचे. बायका तर ताईंच्या सोबत ओठ हलवायच्या.

त्यांचं एक गाणं सगळीकडं मागायचे. त्यांच्या आईवरचं. उतारवयात पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली त्यांची आई. ‘पाटीवरची अक्षरं माझ्या मायनं पुसली न्हाई, हात भाकरीत गुंतले तरी नजर हलली न्हाई.’ ह्या दुसऱ्या ओळीला ताई आवाज वर उचलायच्या, आणि समोरच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. जवळच्या हट्टा गावाला तर हे गाणं झाल्याशिवाय जयंती झाली असं कुणी मानायचंच नाही.

आता अशा गाण्याला गिटार कशी पाहिजे? हलकी, बाजूबाजूनं. हे मला कळतं, ढोलकीवाल्याला कळतं, गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा कळेल. रऊफला कळायचं नाही.

म्हणजे आधी तो बरा वाजवायचा, खोटं कशाला बोलू. बिघडला तो त्या डब्यानं. हैदराबादहून कुणाकडून तरी त्यानं तो जुनाच आणला. डिजिटल मॉडेलर म्हणतात त्याला. पायाशी ठेवायची चपटी पेटी. भिंतीएवढ्या मोठ्या विलायती अँप्लिफायरांचे आवाज म्हणे तिच्या पोटात भरलेले असतात. कुठला अँप, कुठला स्पीकर, त्याच्यापुढं माईक किती अंतरावर धरलाय, सगळं बटनं फिरवून ठरवायचं आणि जमलेला आवाज नाव देऊन साठवून ठेवायचा. रऊफनं नावं काय द्यावीत? ‘जेसीबी’. ‘जीनिंग’. ‘हळद बॉयलर’. एकाला तर ‘सासरा’ असं नाव होतं. बटनं महिनाभरात तंबाखूनं तपकिरी झाली. छोट्या काचेवर बोटांचे असे डाग की आकडा वाचायला डोळे बारीक करावे लागायचे.

‘रऊफ, लेका, हात तरी धूत जा,’ मी म्हणायचो.

‘हात धुतल्यानं टोन बदलतो का मास्तर?’



दिवसभर गादीला टाके घालता घालता हा उठायचा, एक बटन केसभर फिरवायचा, तार हाणायचा, डोळे मिटून मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, ‘जरा अजून.’ हे ‘जरा अजून’ मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी पंगतीत असं म्हणालं तर माझी भूक मरते. गेन, म्हणजे आवाजाची धार, जरा अजून. बेस जरा अजून. जमलं असं वाटायचं, तो आवाज साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच मुळावर उठायचा. पूर्ण गाणं वाजवलंय, असं दुकानात मी कधी पाहिलं नाही. दोन तारा, एक ठोका, पुन्हा बटन.

एकदा दुरून कुठूनतरी एक शेतकरी लेकीच्या लग्नासाठी गाद्या सांगायला आला. बाजाराचा दिवस, माणूस घाईत. रऊफनं त्याला गादीवर बसवलं आणि पटक्यावरूनच हेडफोन चढवला. तार हाणली. म्हातारा दचकून उभा राहिला.

‘कुणाच्या ट्रॅक्टरचं सायलेन्सर फुटलं रे?’

रऊफचा चेहरा काय फुलला! ‘ओळखलं! मास्तर, यानं ओळखलं! ह्याला म्हणतात कान.’ त्यानं त्या म्हाताऱ्याला चहा पाजला. गादीची मापं घ्यायची राहूनच गेली. म्हातारा दुसऱ्या दुकानात गेला असणार. मी त्याच्या जागी असतो तर चहासुद्धा प्यालो नसतो, कारण कप रऊफनं बनियनला पुसून दिला होता.

दुसऱ्या एका वेळी आम्ही नरसीहून कार्यक्रम करून परत येत होतो. भर दुपार, जीपचा पत्रा तापलेला, ताईंचं डोकं दुखत होतं. रस्त्याकडेला खडी फोडायची मशीन चालू होती. रऊफनं जीप थांबवली. उतरला आणि त्या धुराळ्यात जाऊन उभा राहिला, हात छातीवर ठेवून. आम्ही हाका मारतोय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. किती वेळानं परत आला तो केसांपासून पायापर्यंत पांढरा, तोंडातला तंबाखू तसाच. खिडकीतून बाहेर पिचकारी मारली, त्यातली अर्धी वाऱ्यानं माझ्या बाहीवर आली.

‘आवाज कानात न्हाई, छातीत बसला पायजे,’ तो म्हणाला. ‘पोरं डीजेपुढं काहून नाचतात? छातीत बसतो म्हणून. आपण त्यांच्या छातीत बसलो की पोरं आपल्याकडं वापस येतील.’

ताईंनी डोळे मिटलेलेच होते. तशाच म्हणाल्या, ‘बसव बाबा. पण माझ्या गळ्याला जागा ठेव.’

‘व्हय ताई. तुमच्याशिवाय काय हाय?’

असं तो दर वेळी म्हणायचा. बटन फिरवताना मात्र त्यानं ताईंना एकदाही विचारलं नाही की ताई, जरा गा बरं, बघू जमतं का. दुकानात त्याला फक्त स्वतःचा आवाज लागायचा. ह्याचाच मला सगळ्यांत जास्त तिटकारा यायचा. तंबाखू परवडला.

डीजेचं मात्र तो खोटं बोलत नव्हता. गावोगाव आमची बोलावणी कमी होत होती. त्या वर्षी हट्ट्याचा जयंती कमिटीचा अध्यक्ष, तरणाबांड माणूस, स्वतः ताईंच्या अंगणवाडीत आला. ताईंसमोर मान खाली घालून म्हणाला, ‘ताई, पोरं ऐकून राहिली न्हाईत. डीजेच पायजे म्हणतात. मी कसंबसं यंदा तुमचा कार्यक्रम ठेवलाय. पब्लिक बसलं तर पुढं बी तुमीच. उठून गेलं तर मग माझ्या हातात काही न्हाई.’

ताई त्याला ‘बरं बाळा’ म्हणाल्या. त्यानं लहानपणी त्यांचं गाणं पाठ म्हणून दाखवलेलं होतं. हट्टा गेलं तर पार्टी गेली, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. बाकी होतंच काय आमच्याकडं?

रऊफला मात्र स्फुरण चढलं. ‘डीजेच्या बापाला ऐकू जाईल असा टोन काढतो मास्तर, तुमी बघाच.’ महिनाभर दुकान अर्धंच उघडं. हेडफोन सोडून आता त्यानं एक मोठा स्पीकर आणून गाद्यांच्या मधोमध ठेवला. तालीम तिथंच. जमिनीपासून आढ्यापर्यंत गाद्या, उशा, कापसाच्या गोण्या. माझ्या नाकात बोंड गेल्यासारखं व्हायचं, शिंका थांबायच्या नाहीत. पण आवाज ऐकून ताईसुद्धा म्हणाल्या, ‘रऊफ, भरदार वाटतंय रे. आणि माझं मला ऐकू बी येतंय.’ तो लाजला. तंबाखू थुंकून आला, एवढा मान दिला त्यानं.

आता पुढं काय झालं ते नीट सांगतो, कारण ही चूक फक्त गादीवालाच करू शकतो. कापूस आवाज पितो. त्या खोलीत स्पीकरमधून निघालेला कर्कश आवाज गाद्या पिऊन टाकत होत्या, घुमारा गोण्या पिऊन टाकत होत्या. रऊफला वाटायचं कमी पडतंय, म्हणून तो वाढवायचा. पुन्हा गाद्या प्यायच्या, पुन्हा तो वाढवायचा. जरा अजून, जरा अजून. आमच्यापर्यंत पोचायचा तो गाळून उरलेला आवाज. तोच गोड लागला. डब्यात साठवला गेला तो मात्र सगळाच्या सगळा.

हट्ट्याचं मैदान उघडं. एका अंगाला शाळेची लांब भिंत, दुसऱ्या अंगाला पत्र्याचं शेड. स्टेजच्या दोन्ही बाजूंना भोंगे. निळे झेंडे लावलेले, पुढं बायका पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या, मागं पोरं उभी, हाताची घडी घालून, आमची परीक्षा घ्यायला आल्यासारखी. पहिली दोन गाणी रऊफनं साध्या आवाजावर वाजवली. पब्लिक बसलं होतं. मागची दोनचार पोरंही खाली बसली. अध्यक्षानं मला लांबून हात केला. मला वाटलं, निभावलं.

मग ताईंनी आईचं गाणं धरलं. रऊफनं कानावर हेडफोन चढवला. स्टेजवर! ‘बाहेरच्या गडबडीत मला टोन बराबर ऐकू येत न्हाई,’ असं तो आधीच म्हणाला होता. डोळे मिटले आणि पायानं बटन दाबलं.

त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही, आजही दात आंबतात. भोंग्यांतून निघाला तो भिंतीवर आपटला, भिंतीवरून पत्र्यावर, पत्र्यावरून परत आमच्यावर. पुढच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. एक लेकरू किंचाळून रडायला लागलं, ते फक्त त्याच्या तोंडावरून कळलं, कारण ऐकू काहीच येत नव्हतं. ताई गात होत्या. ओठ हलताना दिसत होते. पहिल्याच रांगेत एक म्हातारी गुडघ्यावर उठून बसली, हात कानामागं धरून ताईंकडं बघायला लागली. फक्त ह्या गाण्यासाठी तिला नातवानं उचलून आणून बसवलेलं होतं. ती मान हलवत होती, ऐकू येईना, ऐकू येईना.

ताईंनी दुसरी ओळ उचलली. म्हणजे मानेची शीर फुगली म्हणून मला समजलं. मग त्यांनी रऊफकडं पाहिलं. हात केला. पुन्हा केला. ह्याचे डोळे मिटलेले, कानावर हेडफोन, चेहऱ्यावर अत्तराचा फाया हुंगल्याचं सुख. ताईंनी माईक स्टँडला लावला, पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी हात उचलला. ढोलकी थांबली. रऊफ वाजवतच होता. मी त्याच्यावर ओरडलो, ढोलकीवाल्यानं चप्पल फेकली ती त्याला लागली नाही. बायका उठल्या, साड्या झटकल्या. पोरं शिट्ट्या मारायला लागली. अध्यक्ष मंडपाच्या खांबाला टेकून कुणाला तरी फोन लावत होता. आणि आमचा हा महाभाग संपूर्ण गाणं, शेवटच्या ठोक्यापर्यंत, वाजवून मोकळा झाला. बटनाला हात न लावता त्यानं एक गाणं पूर्ण वाजवलं असेल ते बहुधा पहिल्यांदाच. मग डोळे उघडले, हेडफोन मानेवर घेतला आणि हसून हात वर केला. समोर रिकाम्या सतरंज्या. म्हातारी तेवढी बसून होती, नातू यायची वाट बघत.

चूक होते, मी समजू शकतो. पोरांच्या वह्या तपासण्यात माझं आयुष्य गेलंय, चुकांचं मला नवल नाही. पण जीपमध्ये बसल्यावर त्यानं काय सुरू केलं? भोंगे खराब व्हते. ऑपरेटर अडाणी व्हता. भिंत नको तिथं व्हती. वारा उलटा व्हता.  आणि मग तो म्हणाला, ‘ताईनं बी माईक जरा जवळ धरायला पायजे व्हता.’

  मी त्याच्या शेजारून उठून पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो.

ताई बाहेर बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, ‘रऊफ, तू एकदा माझ्याकडं बघायचं व्हतं रे.’

एवढंच. त्यानंतर सुमनताई स्टेजवर चढल्या नाहीत. हट्ट्याला डीजे आला, बाकीच्या गावांनीही तेच केलं. पार्टी संपली. लोकांनी गळ घातली, मीही घातली, ताई म्हणायच्या, ‘आता लेकरांपुढंच गाते. ती कान झाकत न्हाईत.’

मी रऊफच्या बोळातून जाणं सोडलं. कानावर यायचं की गाद्यांचा धंदा बसलाय, लोक फोमच्या तयार गाद्या घेतायत. असंही कळलं की कापसाच्या लिलावाच्या ओट्यावर, सुटीच्या दिवशी, रऊफ स्पीकर मांडून बसतो. उघड्यावर. साठवलेले सगळे आवाज पुसून टाकले म्हणे त्यानं, ‘जेसीबी’ गेला, ‘सासरा’ गेला, आणि नव्यानं सुरुवात केली. मी म्हटलं, अरे हट्! आता कशाला?

मग एक दिवस तो माझ्या दारात. आंघोळ केलेला, स्वच्छ सदरा, तोंडात काही नाही. मला ओळखायला क्षण लागला.

‘मास्तर, मी चाललो. पोरीकडं, हैदराबादला. दुकान विकलं. ताईला एकदा ऐकवायचंय. तुमी संगं चला, एकट्यानं जायला तोंड न्हाई.’

नको म्हणायला हवं होतं. पण गेलो. अंगणवाडीत खिचडी वाटणं चालू होतं. रऊफनं ओट्यावर गिटार, डबा आणि स्पीकर मांडला. डबा पुसलेला, बटनं काळीभोर निघालेली. ताई हातात पळी घेऊन दारात उभ्या राहिल्या. 

‘ताई, मोकळ्यात सेट केलाय. सगळं उघड्यावर,’ तो म्हणाला आणि त्यानं आईचं गाणं वाजवायला घेतलं.

कबूल करायला जिवावर येतं, पण आवाज चांगला होता. जड होता, अगदी ओट्याची फरशी पायाला जाणवावी इतका. पण तो खालून चालत होता. त्यानं गेन निम्म्यावर आणलेला, आवाजाचा मधला पट्टा कोरून काढलेला, बरोब्बर तेवढा, जेवढ्यात ताईंचा आवाज बसतो. ज्या जागी त्यांनी गायचं तिथं तो मोकळं सोडून पुढं जायचा. आणि त्या मोकळ्या जागेत कुणीच गात नव्हतं. आत लेकरांच्या ताटल्या वाजत होत्या, तेवढंच.

गाणं संपलं. रऊफ ताईंकडं बघत होता. सगळा वेळ बघतच होता, डोळे एकदाही मिटले नाहीत.

‘जमलंय रे,’ ताई म्हणाल्या. ‘चांगलं जमलंय.’

‘मग गा ना ताई. एकदा. जायच्या आधी.’

ताईंनी पळी दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, गातील. मग म्हणाल्या, ‘न्हाई रऊफ. ती म्हातारी गेली माघारी, ऐकल्याबगर. मला ते गिळवत न्हाई.’ आणि आत गेल्या. पळी पातेल्याला लागल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, चल. तो उठेना. त्यानं डब्याची वायर काढली, हळूहळू कोपराला गुंडाळायला लागला. आणि गुंडाळता गुंडाळता गायला लागला. तो! इतक्या वर्षांत मी त्याला गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं. घोगरा, फाटका, बेसूर आवाज. ‘पाटीवरची अक्षरं माझ्या मायनं पुसली न्हाई...’ पुढचं कडवं, त्याच्या पुढचं. एक शब्द चुकला नाही, ताई जिथं श्वास घ्यायच्या तिथंच श्वास. म्हणजे ह्या माणसानं सगळं ऐकलेलं होतं! पहिल्या दिवसापासून! मग हट्ट्याला काय झालं होतं, गाढवा? मला त्याचा संताप आला, मग दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा संताप आला.

तो पुन्हा पहिल्यापासून गायला लागला. दुसऱ्या ओळीला आवाज वर जाईना, खालीच लोळला. आतून ताईंचा आवाज आला, ताटल्यांच्या वरून.

‘वर उचल, रऊफ. नजर... तिथं वर.’

त्यानं उचलला. आवाज चिरकला. आत लेकरं खदखदून हसली.

‘पुन्हा म्हण,’ ताई म्हणाल्या. बाहेर मात्र आल्या नाहीत.